प्रभूला वाहिलेली खोली

वैजयंती सकाळपासून त्या खोलीचं दार सारखं लावून येत होती आणि ते सारखं कुणीतरी उघडत होतं. चर्चहून आल्यावर ते पुन्हा सताड उघडं दिसलं, तेव्हा अंगावरचा कोट न काढताच तिनं ते ओढून घेतलं आणि मग स्वयंपाकघरात गेली.

वेम्बलीच्या त्या घरात शिरलं की डाव्या हाताला ही पुढची खोली. खाली निजण्याजोगी तेवढी एकच. जेवणघर म्हणजे स्वयंपाकघराकडे जायची वाट, आणि बाकीच्या खोल्या उभ्या जिन्यानं वर. घर घेतलं त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, शशिकांतनं, पाळकसाहेबांना बोलावून ही खोली रीतसर प्रभूला वाहिली होती. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मराठी मंडळीच्या प्रार्थनासभेला प्रभू तिथं येत असे, आणि एरवी ती बंद असे. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. घरच्या माणसांनी तिथं बसायचं नाही, चहा न्यायचा नाही, आणि टीव्हीचं तर नावही काढायचं नाही. देवाच्या नावानं का होईना, वैजयंतीला लंडनमध्ये एक खोली कायमची आवरलेली मिळाली होती आणि ती सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

आता प्रश्न सासूबाईंचा होता. जुलैत लेकीच्या, सुनीतीच्या, किलबर्नच्या फ्लॅटमध्ये मधुमतीबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, मग बरेच आठवडे वॉर्डात गेले, आणि कालच त्या सुटल्या. सुनीतीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असून नसल्यासारखी. म्हणून 'एका रात्रीपुरतं हं' असं सगळ्यांना बजावून वैजयंतीनं त्यांची फोल्डिंग कॉट जेवणघरात टाकली होती. आज सगळे उपकारस्तुतीच्या जेवणाला जमायचे होते. आईनं पुढं कुठं राहायचं, तेही आजच ठरायचं होतं.

"मम, आजी फ्रंट रूममध्ये का नाही राहत?" नंदानं कोथिंबीर निवडता निवडता विचारलं. ती एकोणीस वर्षांची होती, युनिव्हर्सिटीतून वीकेंडला आली होती, आणि दार उघडं टाकणारी तीच होती. "तो रूम खाली आहे. बाथरूम पण जवळ आहे."

"ती प्रभूची खोली आहे."

"पण प्रभू ती यूज कधी करतो? मंथमध्ये वन्स!"

"नंदा, तुझ्या जिभेला काही हाड?"

"मग प्रभूला माझा रूम दे ना, वरचा. त्याला जिना चढायला काय प्रॉब्लेम आहे?"

वैजयंतीनं पुलावावर झाकण आपटलं. हिला संडे स्कूलला पाठवण्यात आपल्या किती सकाळी फुकट गेल्या, असं तिला वाटून गेलं.

त्याच वेळी त्या खोलीत, प्लास्टिकवर, शशिकांत आणि पद्माकर हे दोघे भाऊ बसले होते. प्रभूच्या खोलीत बसायची मुभा पाळकांना होती, बिशपांना असती, आणि पद्माकरला होती, कारण तो एडिनबराला कन्सल्टंट होता. सकाळच्या विमानानं तो एकटाच आला होता. त्याच्या बायकोचं, रेखाचं, डोकं दुखत होतं. सासरी काही ठरायचं असलं की ते दुखत असे.

बाबांच्या थडग्यावरचा मजकूर मराठीत असावा की इंग्रजीत, यावरून या दोघांत गेली दोन वर्षं अबोला होता. पण आई कुणाकडे, हा प्रश्न पुढं आला आणि दोघांना एकमेकांचं रक्त आठवलं. संकटात भाऊच भावाला धावून येतो, असं शशिकांत फोनवर म्हणाला होता. संकट म्हणजे आई, हे दोघांनीही उच्चारलं नव्हतं.

"तू तर वृद्धांचाच डॉक्टर," शशिकांत म्हणाला. "तुझ्याइतकं आईला कोण समजून घेणार?"

"म्हणूनच सांगतो ना, दादा. एडिनबराची थंडी म्हणजे काय! या वयात, या हाडांना..."

"का? एडिनबरात म्हातारी माणसं नाहीत?"

"आहेत. ती स्कॉटिश आहेत." पद्माकर सोफ्यावर जरा सरकला आणि प्लास्टिक करकरलं. वृद्धांना घरीच ठेवा, या विषयावर तो परिषदांमधून बोलत असे आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत. लोकांनी आपापल्या वृद्धांना घरी ठेवावं, असं त्याला खरोखरच मनापासून वाटे. "पण तुझ्याकडे तर ही खोली..."

"वाहिलेली आहे," शशिकांत घाईनं म्हणाला. "एकदा देवाला दिलेलं परत कसं घेणार? माझ्या हातात असतं तर एक क्षण थांबलो नसतो."

"अर्थात."

 मग जे दोघांनाही पहिल्यापासून म्हणायचं होतं ते पद्माकर म्हणाला. "सुनीतीला कौन्सिल तळमजल्याचा फ्लॅट देतंय ना?"

"कबूल केलंय त्यांनी. बघ, देव कसा वाट काढतो!"

"ती नर्स. आईला तिच्या हातची सवय. शिवाय सेवा हे तिचं वरदानच आहे."

"वरदानच! लहानपणापासून," शशिकांत म्हणाला, आणि त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. दुसऱ्याच्या वरदानांनी तो नेहमीच हेलावून जाई.

सुनीतीच्या कॉलेजचं नाव मात्र कुणी काढलं नाही. अठ्ठ्याऐंशीचा सप्टेंबर होता. गेल्याच वर्षापासून चर्च ऑफ इंग्लंडनं बायकांना डीकनची, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पदाची, दीक्षा द्यायला सुरुवात केली होती, आणि सुनीती ओहोळ, वय त्रेचाळीस, वॉर्ड सिस्टर, हिला उत्तरेकडच्या एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळाली होती. खरं तर ती मागच्याच वर्षी जायची होती. तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि तिनं जागा पुढं ढकलली. यंदा कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं की आता आलात तर आलात, नाहीतर जागा दुसऱ्याला. दोन वर्षं तिथंच राहून शिकायचं होतं आणि सुरुवात पुढच्या सोमवारी होती. तिनं हे दोन्ही भावांना फोनवर सांगितलं होतं. 'छान विचार आहे,' असं दोघेही म्हणाले होते, आणि तो विचारच राहील अशी दोघांचीही खात्री होती.

सुनीती तेव्हा आईला वॉकर धरून पॅसेजमधून चालवत होती.

"उजवा पाय आधी, आई. घाई नको."

"तुझा हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

मधुमतीबाई पुढच्या खोलीच्या बंद दारापाशी दम खायला थांबल्या. आतून मुलांचे आवाज येत होते. "दोघं बोलायला लागले," त्या समाधानानं म्हणाल्या. मग एकदम, "तुझ्या त्या कॉलेजात बायका कितीशा असतात गं?"

सुनीतीला थोडी आशा वाटली. हॉस्पिटलात तिनं आईला सगळं सांगितलं होतं, तेव्हा आईनं डोळे मिटून झोप लागल्याचं दाखवलं होतं. आज ती आपण होऊन विचारत होती.

"आहेत की. माझ्यापेक्षा मोठ्यासुद्धा आहेत."

"त्यांना आया नसतील," मधुमतीबाई म्हणाल्या आणि वॉकर पुढं सरकवला.

दार उघडून शशिकांत बाहेर आला, तेव्हा सुनीतीनं त्याला तिथंच गाठलं. "दादा, मला स्पष्ट बोलायचंय. मी पुढच्या सोमवारी निघते आहे. आईचं तुम्ही दोघांनी..."

"आपण जेवताना बोलू ना."

"जेवताना म्हणजे प्रार्थनेत?"

"सुनीती!" शशिकांत दुखावल्यासारखा म्हणाला. तो मराठी मंडळीचा सेक्रेटरी होता, आणि दुखावल्यासारखं बोलण्याचा त्याला चांगला सराव होता. मंडळीत माणसं थोडी होती, तट मात्र तीन होते. "आधी उपकारस्तुती, मग बाकीचं. आणि खरं सांगू? बाईमाणसानं गळ्यात पांढरी कॉलर घालून वेदीपाशी उभं राहायचं, हे मला तरी कसंसंच वाटतं. बाबा असते तर..."

"बाबा असते तर आईला त्यांनी सांभाळलं असतं."

शशिकांतनं घड्याळाकडे पाहिलं आणि सगळ्यांना टेबलावर बोलावलं.

ओहोळांच्या घरात भांडण असं कधी झालं नव्हतं. रेव्हरंड माधव ओहोळांना घरात चढलेला आवाज खपत नसे. त्यामुळे जे काही एकमेकांना सांगायचं, ते त्यांची मुलं लहानपणापासून डोळे मिटून देवाला सांगायला शिकली. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं देवाशी बोलत आणि भावाला लागे. यात सोय मोठी होती. प्रार्थना मध्येच तोडता येत नाही, तिला उलट उत्तर देता येत नाही, आणि ज्याला लागलं त्यालाही शेवटी सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणावंच लागतं. रेखा आपल्या सासूला पसंत नाही, हे पद्माकरला असंच एका ईस्टरच्या जेवणाआधी कळलं होतं.

टेबलावर मटणाचा रस्सा होता, पुलाव होता, शिरा होता. शशिकांतनं खोल आवाज लावला.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आमच्या आईला तू मरणाच्या दारातून परत आणलंस, तुझे उपकार किती मानावे! आणि प्रभू, तू अर्धवट काम करणारा देव नाहीस. कौन्सिलच्या ऑफिसरांच्या मनात तूच घातलंस, की सुनीतीला तळमजल्यावरचा फ्लॅट द्यावा. ही तुझीच योजना आहे, पित्या. तिला आडवे येणारे आम्ही कोण? जे कुणी आपल्या मनाच्या ओढीलाच तुझं पाचारण समजतात, त्यांना तुझी पाचवी आज्ञा दाखव. आईबापांचा मान राखणं हीच मोठी दीक्षा, हे त्यांना समजू दे."

"आमेन," सगळे म्हणाले. सुनीतीचे ओठही सवयीनं हलले, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

पद्माकरनं घसा साफ केला. "हे प्रभू, तू ग्रेट फिजिशियन आहेस. वृद्ध माणसांना फॅमिलियर सराउंडिंग्ज लागतात, हे मी तुला काय सांगावं? एकदम नव्या जागी नेलं, विशेषतः थंड जागी, तर कन्फ्युजन वाढतं, पुन्हा पडण्याची रिस्क वाढते. सगळा रीसर्च तुझ्यासमोर उघडा आहे. म्हणून आईला तिच्या सवयीच्या माणसाजवळच राहू दे."

"आमेन."

आता वैजयंतीची पाळी. तिला भाषण जमत नसे, पण प्रार्थना उत्तम जमे. "हे प्रभू, मी दुबळी बाई. माझी पाठ तू जाणतोस. या घरात जे काही आहे ते तुझंच आहे. जिथं तुझं नाव घेतलं जातं, ती जागा तुझीच राहू दे, प्रभू. तिथं संसाराची अडगळ येऊ देऊ नकोस."

अडगळ म्हणजे कोण, हे डोळे मिटलेले असूनही सगळ्यांना दिसलं. तरी 'आमेन' झालंच.

"थँक यू गॉड फॉर द फूड," नंदा भराभर म्हणाली, "अँड प्लीज आत्याला हेल्प कर. तिला खूप वर्षं कोणी हेल्प नाही केला. आमेन."

मग सुनीती. एरवी तिची प्रार्थना लांब असे. वॉर्डातले रोगी, मंडळीतले आजारी, भावांची मुलं, सगळ्यांची नावं ती एकेक करून घेई. पुलाव निवत असला तरी कुणी कुरकुरत नसे, कारण सुनीतीनं नाव घेतलं की आपण घ्यायची गरज उरत नाही. आज ती म्हणाली, "प्रभू, तू बोलावलंस. मी येते आहे. आमेन."

"आमेन," नंदा म्हणाली. बाकी कुणीच म्हणालं नाही. ओहोळांच्या टेबलावर एखाद्या प्रार्थनेला सगळ्यांचं आमेन मिळालं नाही, असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. 

शेवटची पाळी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची, म्हणजे मधुमतीबाईंची. त्यांनी आपली प्रार्थना सकाळपासून मनात जुळवून ठेवली होती. आयुष्यभर ही बाई स्वतःसाठी काही मागत नाही, असं मंडळीत त्यांचं नाव होतं. मागत त्या पुष्कळ, पण दुसऱ्याच्या नावावर. आज मात्र त्या भ्यालेल्या होत्या. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरची इंग्रज बाई गेली तेव्हा तिच्याजवळ कुणीही नव्हतं. तेव्हापासून त्यांना सुनीतीशिवाय काही सुचत नव्हतं.

"हे दयाळू बापा," त्या सुरू झाल्या, आणि पहिल्याच शब्दाला आवाज कापला. "म्हातारपणी मला टाकू नकोस. शक्ती गेली, आता मला सोडू नकोस. प्रभू, माझ्या लेकीनं नऊ वर्षं माझं सगळं केलं. माझी वेणी तीच घालते. रात्री मी हाक मारली की ती एका हाकेत उठते. आता माझे राहिलेत ते किती दिवस? तेवढे दिवस तिला माझ्याजवळ..."

इथं त्यांनी डोळे उघडले. ही सवय त्यांना पाळकीणबाई असतानाच लागली होती. नवरा वर प्रार्थना करी, आणि कोण पेंगतंय, कोण हसतंय, कुणाला लागलंय, हे त्या पहिल्या बाकावरून बघून घेत. आताही सुनीतीला कितपत लागलं, ते त्यांना बघायचं होतं.

सुनीतीचे डोळे उघडे होते.

बाकीचे माना खाली घालून बसले होते. त्या माना मध्ये ठेवून मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. आईच्या आवाजात पाणी आहे आणि डोळ्यांत नाही, हे सुनीतीला दिसलं. तिला आईचा भयंकर राग आला. देवाशी बोलता बोलता ही मला मोजते आहे! आणि त्या कोरड्या डोळ्यांत केवढी भीती आहे, तेही तिला दिसलं. उठून आईला मिठीत घ्यावं आणि 'नाही जात' म्हणावं, असंही तिला वाटलं. मागच्या वर्षी ती तेच म्हणाली होती. तिनं सावकाश मान हलवली. नाही.

मधुमतीबाईंचं वाक्य तोंडातच राहिलं. हे वाक्य पुरं केलं की सगळे आमेन म्हणतील, हे त्यांना ठाऊक होतं. मग ही बहुतेक राहील. राहील, आणि रोज सकाळी वेणी घालताना, रोज रात्री हाकेला उठताना, माझ्याकडे अशीच बघेल. हे त्यांना अगदी लख्ख कळलं, आणि हॉस्पिटलातल्या त्या मरणापेक्षा त्यांना त्याची जास्त भीती वाटली.

"तेवढे दिवस तिला माझ्याजवळ," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि आता आवाज अगदी साधा झाला, "धरून ठेवायचा मोह मला होतो आहे, प्रभू. तो तू घालव. तू तिला बोलावलं असशील तर तिला जाऊ दे. आणि शशिकांतनं जी पुढची खोली तुला वाहिली, ती तू आज मला दिलीस, त्याबद्दल मी तुझे उपकार मानते. मी तिथं राहीन. वैजयंतीच्या हातून माझी सेवा होऊ दे. हे सगळं तुझ्या पुत्राच्या नावानं मागते."

"आमेन!" सगळे म्हणाले.

सर्वांत मोठा आवाज वैजयंतीचा होता. सासूबाईंचा आवाज कापला तेव्हापासून तिचं लक्ष रश्श्यावर थिजत चाललेल्या तवंगाकडे होतं, आणि 'पुत्राच्या नावानं' कानावर पडलं की तोंडातून आमेन जाणं हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. शशिकांतनं सेक्रेटरीला शोभेलसं लांबवून म्हटलं, कारण तो मनातल्या मनात फ्लॅटचं सामान हलवण्याच्या तयारीत होता. पद्माकरनं मात्र प्रत्येक शब्द ऐकला होता. एडिनबराचं नाव कुठंच आलं नाही, हे ध्यानात येताच त्यानं आमेन म्हटलं ते अगदी मनापासून.

नंदा तेवढी डोळे विस्फारून बघत होती. "वाव, मम. यू आर सो नाइस!"

"का? काय झालं?"

"आजी फ्रंट रूममध्ये राहणार. तू आमेन म्हटली. सगळ्यात लाऊड."

वैजयंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. शशिकांतनं आईकडे पाहिलं. "आई, म्हणजे तू असं... पण ती खोली तर..."

"देवाची आहे," मधुमतीबाई म्हणाल्या. "त्याच्याकडेच मागितली. तुला कुठं त्रास दिला?"

"हो, पण प्रार्थनेत असं एकदम..."

"दादा, देवासमोर आमेन म्हटलंय आपण सगळ्यांनी," पद्माकर हळूच म्हणाला. सकाळचा बंधुभाव त्यानं घडी घालून ठेवून दिला होता. "आणि मेडिकली बघितलं तर ग्राउंड फ्लोअर आयडियलच आहे. तसंही मी हेच सजेस्ट करणार होतो."

"तू?" शशिकांत म्हणाला. "तू मघाशी त्या सोफ्यावर बसून..."

"अहो," वैजयंती मध्येच बोलली, आणि तिचा आवाज खरोखरच रडवेला झाला, "तो सोफा कुठं ठेवायचा? जिन्यानं तो वर जाणार नाही."

याला शशिकांतला एकही वचन आठवेना. मंडळीच्या सभांमध्ये त्याच्याकडे प्रत्येक प्रसंगाला वचन असे. तो पुलावाच्या भांड्याकडे बघत बसला, आणि शेवटी नंदानंच उठून सगळ्यांना वाढायला घेतलं.

सुनीती आईच्या शेजारीच होती. आईनं एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच तिला आता हवं होतं. थँक यू म्हणायचं होतं. रविवारी येत जाईन, फोन करत जाईन, असं काहीबाही सांगायचं होतं. जायची परवानगी तर मिळाली होती. मधुमतीबाई मात्र ताटाकडे बघून सावकाश घास कालवत होत्या. एक घास त्यांनी तोंडात घातला, चावला, आणि हात थांबवला.

"वैजयंती," त्या म्हणाल्या, "मला पाणी दे गं."

सुनीतीचा हात आधीच पाण्याच्या तांब्याकडे गेला होता. मधुमतीबाईंनी तो पाहिला, आणि तरी त्या वैजयंतीकडेच बघत राहिल्या. सुनीतीनं हात मागं घेतला.